माझ्या नावावरचे चार माग

दवाखान्यातल्या ताईंनी माझ्या छातीवर पाच गोल चिकट्या बसवल्या, त्यांच्या वायरी मोबाईलएवढ्या एका मशीनला जोडल्या आणि ते मशीन कापडी पिशवीत घालून माझ्या गळ्यात अडकवलं. हे चोवीस तास तुमचे ठोके टिपून घेणार, म्हणाल्या. मग त्यांनी एक छापील कागद दिला. एका बाजूला वेळ, मधे काय करत होता, शेवटी काय त्रास झाला.

"दादा, आंघोळ करायची नाही. आणि सुट्टी घेऊन झोपून राहायचं नाही. रोज जे काम करता तेच करायचं, आणि जे कराल ते ह्या कागदावर लिहायचं. लिहिता येतं ना?"

"येतं की."

सातवीत शाळा सुटली, तरी अक्षर माझं बरं आहे. मास्तर फळ्यावर सुविचार मलाच लिहायला लावायचे. पण त्याच अक्षरानं मला त्या आठवड्यात जवळजवळ घालवलं होतं.

मी सांगोल्याच्या पलीकडच्या एका वाडीचा. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आई आणि धाकटा भाऊ. मी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. एकट्याकडं चार माग. गाव तसं जिल्ह्यातलंच, पण दोन एसट्या आणि वर एक वडापची जीप. वर्षातनं दोनदा जाणं होतं. बाकी सगळं फोनवर. फोनवर मी कायम बराच असतो.

मशीन लावायच्या आधी काय झालं ते सांगतो. दुपारची वेळ. तिसऱ्या मागाच्या धोट्यातलं, म्हणजे उभ्या सुतातनं इकडून तिकडं पळणाऱ्या लाकडी होडीतलं, सूत संपलं म्हणून मी माग थांबवला, रिकामी कांडी काढून भरलेली घातली आणि माग परत चालू केला. दिवसातनं किती वेळा करतो त्याला गणती नाही. तेवढ्यात छातीत काहीतरी उसळलं. नुसती धडधड नव्हे. धडधड मला वर्षभर अधनंमधनं व्हायची आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती. हे म्हणजे काखेत धरलेलं कोकरू सुटायला बघतंय तसं. डोळ्यांपुढं आधी पिवळं झालं, मग काळं. शुद्ध आली तेव्हा मी जमिनीवर होतो आणि शेजारच्या मागावरचे मामा माझी कॉलर दोन्ही हातांनी धरून बसले होते. शर्टाची दोन बटणं तुटली होती. चालत्या मागावर गेलो असतो तर बटणांवर भागलं नसतं.

मामा नात्यातले नव्हेत. तेलुगू विणकर घरातले, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांच्याच घराच्या माडीवर मी भाड्यानं राहतो. मागांच्या खडखडाटात ते काय बोलत होते ऐकू येत नव्हतं, पण तोंड सारखं हलत होतं. देवाचं काहीतरी म्हणत असावेत.

तेवढ्यात जॉबर आला. शेडचे माग दुरुस्त करणारा आणि आमच्यावर नजर ठेवणारा तो एकच माणूस.

"का बे, काय झालं?"

"काय न्हाय. ऊन लागलं असंल."

"पत्र्याखाली ऊन लागतंय व्हय तुला? डॉक्टरची चिठ्ठी आण, फिट हाय म्हणून. तवर मागाला हात लावायचा न्हाय. तुझा हात मागात गेला तर मी तुझ्या आईला काय सांगू?"

त्यानं आईचा विषय काढला आणि मला आबा आठवले. माझे वडील. मेंढरांमागं माळ चढताना गेले. सकाळी चहा पिऊन, कुत्र्याला हाक मारून गेले, आणि दुपारी कुत्रं एकटंच परत आलं. आजारी नव्हते, पडून नव्हते. लोक म्हणाले, उभ्या उभ्या गेला. मेंढरांमागं कुणीतरी पाहिजेच होतं, म्हणून त्या वर्षी माझी शाळा संपली. पुढं भाऊ मोठा झाला, मेंढरं त्याच्याकडं गेली आणि मी सोलापूर गाठलं. आता आबांच्या तेव्हाच्या वयाला मी येऊन टेकलोय. हे मी कधी कुणाजवळ बोललो नव्हतो, पण हिशेब रोज डोक्यात असायचा.

दवाखाना मामांनीच दाखवला. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, खाली कापडाचं दुकान, वर हृदयाचे डॉक्टर. मामांना मागं एकदा छातीत दुखलं होतं तेव्हा ते तिथं गेले होते. डॉक्टरांपुढं एकानंच जायचं, म्हणून मामा बाहेर बाकावर बसले. तिथंच माझी पहिली चूक झाली, कारण आत मी एकटा होतो आणि मला टोकणारं कुणी नव्हतं.

"चक्कर येऊन कधी पडलात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय. नुसती धडधड हुती."

"घरात कुणाला हृदयाचा त्रास? अचानक कुणी गेलंय का?"

"न्हाय."

दोन्ही वेळा माझी जीभ डोक्याच्या आधी चालली. पडलो म्हटलं तर फिटची चिठ्ठी मिळणार नाही, एवढं एकच मला कळत होतं. छातीची ईसीजीची पट्टी काढली, जेल लावून पडद्यावर हृदय बघितलं, दोन्ही ठीक निघाली. मग म्हणाले, चोवीस तासाचं मशीन लावून बघू.

दुसऱ्या दिवशी ते मशीन गळ्यात घालून मी कामावर गेलो. माग नाही तर नाही, झाडलोट, उचलाउचल काहीतरी करावं असं मनात होतं. मामांनी कांड्यांच्या पेटीवर टॉवेल टाकला आणि बोट दाखवलं.

"बस तिथं."

"ताई म्हणल्या रोजचं काम करा."

"तुझं काम व्हतंय की. बघ."

आणि होत होतं. आमच्या शेडमध्ये एक रीत आहे. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झाली, तर त्याचे माग बंद पडू देत नाहीत. शेजारचे दोघं-तिघं आपापले माग सांभाळत त्याचेही चालवतात, आणि निघालेलं कापड त्याच्याच नावावर जातं. कुणी उपकार म्हणत नाही, कुणी आभार मानत नाही. मामांच्या मुलीचं बाळंतपण अवघड झालं तेव्हा त्यांचे माग दोन दिवस मी चालवले होते. कापड मामांचं. मी चालवले असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही इथं लिहिताना चुकल्यासारखं वाटतंय.

तर माझे चार माग दिवसभर चालले. बीम चढवायचं होतं, म्हणजे सुताचा तो जड रूळ मागावर बसवायचा होता, तर पाच जणांनी उचलला. मी हात पुढं केला तसा जॉबर ओरडला, "ए मशीनवाल्या, गप बस! वायर तुटली तर डॉक्टर माझ्या नावानं बोंब मारंल." सगळे हसले. मीही हसलो. दुपारी मामींनी डबा पाठवला होता, तो मामांनी माझ्यापर्यंत आणून दिला. संध्याकाळी मला त्यांनी गाडीवर मागं बसवून घरी आणलं. लग्नातला नवरदेव दिवसभर बसतो तसा मी बसून होतो.

घरी येऊन तो कागद काढला. सगळे रकाने कोरे. साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर शाळेत आम्ही अख्खी वही एका बैठकीत भरायचो, तसाच बसलो. लिहिलं: आठ ते अकरा, चार माग चालवले. साडेअकरा, बीम चढवलं. दोन ते सहा, चार माग चालवले. त्रासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही'. मी खोटं लिहितोय असं मला वाटलं नाही, ही खरी गोष्ट आहे. माग माझे चालले होते, कापड माझ्या नावावर निघालं होतं. बसलो होतो, बसलो होतो, बसलो होतो, असं दहा वेळा कसं लिहायचं? आणि खरं सांगायचं तर मनात तळाशी चिठ्ठी होतीच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या एका हातात मशीनचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात माझा कागद. त्यांचं बोट एका कागदावरनं दुसऱ्या कागदावर जात होतं.

"बीम म्हणजे किती जड असतं हो?"

"पाच जण लागतात उचलाया."

"आणि तुमचे ठोके बहात्तर." ते हसले. "माझे ह्या जिन्यानं वर येताना याच्यापेक्षा जास्त होतात. अक्षर छान आहे तुमचं."

त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. मी लिहिलेल्या कागदावर. मग लेटरहेड ओढलं आणि लिहिलं, कामावर जाण्यास योग्य. खाली सही, शिक्का. त्रास झाला तर परत या, म्हणाले.

मी चिठ्ठी खिशात घालून नवी पेठेत उतरलो. मामा त्या दिवशी कामावर होते, मी एकटाच होतो. आनंद व्हायला पाहिजे होता. लोकांचे लोंढे, रिक्षांचे हॉर्न, एका दुकानापुढं साड्यांचा ढीग, आणि मी त्याच्या कडेला उभा. खिशातली चिठ्ठी छातीला लागत होती. उद्या सकाळी मी मागापुढं उभा राहणार आणि कुणी कॉलर धरायला असेल-नसेल.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"जेवलास का?"

"जेवलो."

"शेळी व्याली. दोन झाली. एक लई बारकं हाय, बाटलीनं पाजतोय."

"बरं."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"बाजारात हाय. आई, एक सांग. आबांना कधी डॉक्टरला दाखवलं हुतं का?"

आम्ही आबांविषयी फोनवर बोलत नाही.

"दाखवलं हुतं की. जायच्या महिनाभर आदी. माळावर दोनदा खाली बसले हुते म्हणून मीच नेलं सांगोल्याला."

"मग?"

"डॉक्टरनं विचारलं, दम लागतो का, घेरी येती का. ह्यांनी सरळ न्हाय म्हटलं. मी शेजारी हुते. मी बोलाया लागले तर माझ्याकडं असं बघितलं की मी गप बसले. डॉक्टर म्हणला, काय न्हाय, घरी जावा. यष्टीत लई खुश हुते. भेळ घेतली मला." मग ती म्हणाली, "तू का इचारतोस?"

"असंच."

"असंच न्हाय. तू का इचारतोस?"

मी म्हणालो, "आई, मी तुला संध्याकाळी फोन करतो," आणि मागं फिरलो.

तो जिना मी तसाच भरभर चढलो, आणि वर पोचलो तेव्हा छातीत परत उसळी आली. भिंत धरली. दोन-चार श्वासांत ती गेली. ताई टेबलावर दुसऱ्या कुणाच्या चिकट्या मोजत होत्या.

"काय राहिलं दादा?"

"ताई, माग मी चालवले न्हाईत."

त्यांना कळलं नाही. मी खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि शेडची रीत सांगितली. पेटीवर बसलो होतो ते सांगितलं. बीम पाच जणांनी उचललं आणि त्यात मी नव्हतो तेही. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"म्हणजे शेजाऱ्यांनी काम केलं आणि मशीन तुमच्या गळ्यात? मग मशीन त्यांच्याच गळ्यात घालायचं होतं! दादा, इथं लोक हे मशीन मिळावं म्हणून थांबतात, आणि तुम्ही..." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "घाम का आलाय एवढा? बसा आधी. बसा म्हणते ना."

त्यांनी पेशंट थांबवून मला आत नेलं. डॉक्टरांना मी ह्या वेळी सगळं सांगितलं. पडलो ते. बटणं तुटली ते. आबा. आबांची सांगोल्याची तपासणी. बोलताना मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. डॉक्टर रागावतील म्हणून मी खाली बघत होतो. त्यांनी चिठ्ठी घेतली, मधोमध फाडली आणि टोपलीत टाकली.

"हे तुम्ही उद्या सांगितलं असतं तर?" एवढंच म्हणाले.

मशीन परत लावायचं ठरलं. आता अडचण अशी की फिट असल्याशिवाय जॉबर मागाला हात लावू देणार नाही, आणि काम केल्याशिवाय मशीनला काही दिसणार नाही. डॉक्टरांनीच ती सोडवली. एका कागदावर जॉबरसाठी लिहून दिलं: चालत्या मागाजवळ उभं करू नये, पण चालणं, जिना, हलकं ओझं हे रोजच्यासारखं करू द्यावं, आणि सतत कुणीतरी सोबत असावं. मला म्हणाले, "उसळी आली की खाली बसायचं, मशीनचं बटण दाबायचं, आणि लिहायचं. तुमचं. शेजाऱ्याचं नाही. डोळ्यांपुढं काळं आलं तर लिहीत बसू नका, थेट इकडं या."

जॉबरनं कागद दोनदा वाचला. "माग तर तू परवाच चालवलास की, तुझ्या कागदात," म्हणाला. मामांनी त्याला सांगितलं असणार. मग त्यानं मला टॉवेलच्या गठ्ठ्यांवर लावलं. आमच्या शेडमधनं वरच्या शिलाई खात्यात गठ्ठे नेऊन द्यायचे, एका वेळी एक. मामा माझ्या मागं एक पायरी खाली. त्यांचे माग आता दुसरे दोघं बघत होते.

पाच फेऱ्या झाल्या, काही नाही. सहावीला मामा म्हणाले, "आज तुझं हृदय लाजतंय का काय?" मी हसलो आणि पुढची पायरी चढलो, आणि कोकरू सुटलं.

मी बसलो. गठ्ठा खाली घरंगळत गेला. बटण सापडेना, मामांनीच पिशवीतनं काढून माझ्या बोटाखाली धरलं. डोळ्यांपुढं पिवळं येऊ लागलं होतं. मामांचा तळवा माझ्या पाठीवर होता. मग जशी आली तशी उसळी थांबली, एकदम, कुणी माग बंद करावा तशी.

कागद मांडीवर घेऊन मी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं माझं आयुष्यात आलं नव्हतं. सव्वाअकरा. जिना, सातवी पायरी. छातीत उसळी. डोळ्यांपुढं पिवळं. लई भ्यालो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्टवरची ती जागा मला दाखवली. सरळ टाके घातल्यासारख्या रेघा, आणि मधेच सुई वेडी झाल्यासारखी. हृदयात ठोका जायची एक ठरलेली वाट असते. तुमच्यात एक जास्तीची आडवाट आहे, ठोका कधी कधी तिथनं पळतो आणि गोल गोल फिरत राहतो, असं त्यांनी समजावलं. आज गोळी सुरू. आणि पुढं मोठ्या दवाखान्यात मांडीच्या शिरेतनं बारीक तार घालून ती आडवाट बंद करता येते. आबांनाही तेच होतं का, ह्याला ते म्हणाले, "सांगता येणार नाही. पण भावाला बोलवा."

बाहेर मामांना सांगितलं.

"म्हणजे तुझा धोटा मधेच उडतोय."

"व्हय. तसंच."

"उडालेला धोटा बसवता येतो," मामा म्हणाले आणि डोळे पुसायला तिकडं वळले.

मोठ्या दवाखान्यात तार घालून झाली. माग परत मिळेपर्यंतचे दोन महिने मी टॉवेलच्या घड्या घातल्या. त्या दिवसांत माझे माग मामांनी चालवले. आभार मानले नाहीत. मानायची रीत नाही. म्हणून इथं लिहितोय. डॉक्टरांचे आणि ताईंचे मानले, तर ताई म्हणाल्या, "आभार राहू द्या. भावाला कधी आणताय?"

भाऊ यायला तयार नव्हता. मेंढरं कोण बघणार, मला काय झालंय, एवढ्या लांबनं कशाला. शेवटी आईनं त्याला स्वतः एसटीत बसवलं. डॉक्टरांपुढं ह्या वेळी मी शेजारी बसलो होतो. "दम लागतो का?" विचारल्यावर तो म्हणाला, "न्हाय." मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं आईसारखे नाही, आबांसारखे डोळे वटारले. मी गप्प बसलो नाही. "डॉक्टर, हा न्हायच म्हणतो. आमच्यात तसंच म्हणतात," मी म्हणालो. गाव लांब म्हणून ताईंनी त्याला अठ्ठेचाळीस तासांसाठी मशीन लावलं आणि कागद देताना सांगितलं, "मेंढरांमागं जायचं. स्वतः. परवा सकाळी परत आणून द्यायचं."

दुपारच्या गाडीनं तो मशीन घेऊन गावाकडं गेला. दुसऱ्या दिवशी मी मागावर होतो, पण लक्ष फोनकडं. साडेचारच्या सुमाराला फोन थरथरला. कागदाचा फोटो होता, त्यावर माती लागलेली. शाळेत तो माझ्याहून कमीच शिकला, अक्षर मुंग्यांसारखं.

सव्वाचार. माळ चढलो. थोडा दम लागला.

आणि 'थोडा' ह्या शब्दावर त्यानं आडवी रेघ मारली होती.